क्यूबन रुंबा बसवताना: क्लावे, पावसाळ्यातली कातडी आणि बाताचा प्रश्न

सम_शोधक

तबला, ढोलकी, दोन कोंगा (हाताने वाजवायचे उंच क्यूबन ड्रम) वाजवणारे आणि चार नर्तक असा गट आहे. क्यूबन रुंबाचा वीस मिनिटांचा भाग बसवायचा आहे. सालसा नको, हवाना आणि मातान्सासकडचा रस्त्यावरचा, अंगणातला रुंबा हवा. जाणकारांना चार प्रश्न:

१. याम्बू, ग्वाग्वांको आणि कोलुंबिया या रुंबाच्या तीन प्रकारांत वाजवणाऱ्याच्या आणि नाचणाऱ्याच्या दृष्टीने नेमका फरक काय?

२. क्लावे, म्हणजे दोन काठ्यांवर वाजणारा रुंबाचा आधाराचा ठेका, मोजायची कशी? तबलजींना तिच्यात सम सापडत नाही आणि तिसरा ठोका प्रत्येकाचा वेगळ्या जागी पडतो.

३. कार्यक्रम जुलैत, सभागृह एसी. कोंगांची कातडी पावसात उतरतात. काय काळजी घ्यावी?

४. सोबत बाता ड्रम आणायचाही विचार आहे. ते धार्मिक आहेत असं कळलं. स्टेजवर चालतात का?

---

पालितो

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो सुटला नाही तर बाकीचं बसवून उपयोग नाही.

चार मात्रा घ्या आणि प्रत्येकीचे चार भाग करा. एकूण सोळा जागा. रुंबा क्लावेचे पाच ठोके १, ४, ८, ११ आणि १३ वर पडतात:

टक – – टक – – – टक | – – टक – टक – – –

पायाने १, ५, ९, १३ धरून बघा. पाचांपैकी फक्त पहिला आणि शेवटचा ठोका पायाबरोबर येतो, मधले तिन्ही अधांतरी. तबलजींसाठी सोपी वाट म्हणजे चार वेळा 'तकदिमि' म्हणायचं आणि टाळ्या अशा द्यायच्या: पहिल्यात 'त' आणि 'मि', दुसऱ्यात 'मि', तिसऱ्यात 'दि', चौथ्यात 'त'. लय साठच्या आसपास ठेवा. पाच मिनिटं न थांबता जमलं की टाळी तशीच चालू ठेवून गाण्याची ओळ म्हणा. बहुतेकांची क्लावे तिथे सुटते, टाळीच्या सरावात नाही. म्हणून सरावाचा जास्त वेळ गाण्यावर द्या.

तिसऱ्या ठोक्याबद्दल. सालसात ऐकू येते ती बहुधा सोन क्लावे. तिच्यात हा ठोका ७ वर असतो, रुंबात ८ वर. सालसा ऐकून कान तयार झालेल्याचा हात लवकर, ७ वर पडतो. आपल्या ठेक्यांतून आलेल्याचा हात ९ वर घसरतो, कारण तिथे पाय पडतो. दोन्ही चुका एकाच गटात असल्या की तुम्ही म्हणता तसं होतं.

सम शोधणं मात्र सोडून द्या. क्लावे दोन अर्धांची आहे, एक तीन ठोक्यांचा आणि एक दोन ठोक्यांचा. गाण्याची प्रत्येक ओळ, सालिदोर या खालच्या ड्रमचा प्रत्येक ठोका यांतल्या कुठल्या बाजूला बसतो हे ठरलेलं असतं. तिहाई घेऊन १ वर येण्याची सवय इथे घातक आहे. सगळे मिळून पहिल्या मात्रेवर उतरले की ऐकणाऱ्याला फक्त चार मात्रांचा ठेका कळतो, क्लावे विरते.

आणखी एक नियम. क्लावे वाजवणारा मध्येच बाजू बदलत नाही. गायक किंवा ड्रम उलट्या बाजूला गेले तर त्याला क्रुसाओ म्हणतात, म्हणजे आडवं गेलेलं. अशा वेळी गायकाने किंवा ड्रमवाल्याने सरकायचं, क्लावेने नाही. म्हणून क्लावे नवख्याच्या हाती देऊ नका. आपल्याकडे दोन काठ्या दिसल्या की त्या रिकाम्या माणसाला देतात. इथे गटातला सर्वांत स्थिर माणूस हवा.

धरण्याची पद्धत: एक काठी अर्धवट मिटलेल्या पंजावर नुसती टेकवायची, खाली हाताची पोकळी राहिली पाहिजे. दुसरीने तिच्या मधोमध मारायचं. खालची काठी मुठीत आवळली की आवाज बसका येतो. शिसम किंवा खैर चालेल. लांबी २० ते २५ सेंमी, जाडी अडीच सेंमीच्या आसपास. हवानाच्या गोदीत जहाजबांधणीला लागणाऱ्या कठीण लाकडाच्या खुंट्यांवरून या काठ्या आल्या असं मानलं जातं.

ग्वाग्वा विसरू नका. दोन काठ्यांनी बांबूवर किंवा ड्रमच्या लाकडी अंगावर वाजतो तो. त्याच्या ठेक्यात क्लावेचे पाचही ठोके सामावलेले असतात, त्यामुळे तो आणि क्लावे जुळत नसतील तर ते लगेच ऐकू येतं. जाड भिंतीच्या बांबूचा दीड फुटाचा तुकडा स्टँडवर आडवा बसवा, काम होतं.

---

नाचरी_मैना

पहिल्या प्रश्नाचं मी घेते, कारण नर्तकांचं बोलणं नेहमी शेवटी येतं आणि रुंबात ते तसं चालत नाही.

याम्बू संथ आणि जुन्या वळणाचा. काहोनवर म्हणजे लाकडी खोक्यांवर वाजवण्याची रीत. गोदीवर मिळणारी खोकी वापरली जायची: मोठ्या आवाजाला खारवलेल्या कॉड माशांची, बारीक आवाजाला मेणबत्त्यांची. जोडीने नाचतात. स्त्री म्हाताऱ्या बाईच्या चालीचा अभिनय करते, हालचाल आवरलेली. याम्बूत वाकुनाओ नसतो, हे तिथे ठणकावून सांगतात.

ग्वाग्वांको हाही जोडीचा, पण वेगवान आणि खेळ उघड. पुरुष स्त्रीभोवती फिरतो, तिचं लक्ष दुसरीकडे वळवतो आणि अचानक कंबर, हात, पाय किंवा रुमाल तिच्या दिशेने झटकतो. हा वाकुनाओ. स्त्रीने तो हाताने किंवा घागऱ्याच्या टोकाने अडवायचा, तो बोताओ. सगळी चुरस ती वेळेत अडवते की नाही याची. मला दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. एक तर आयोजक घाबरतात आणि वाकुनाओ काढून टाकायला लावतात. मग उरतं ते नुसतं फिरणं. दुसरी याहून वाईट: पुरुष दर चार मात्रांनी झटका मारतो, स्त्री हसून मागे सरते. मग खेळच नाही. स्त्री जिंकू शकते, किंबहुना बहुतेकदा तिनेच जिंकायचं असतं, हे तालमीत आधी ठरवा. वाकुनाओ कमी वेळा आणि न कळवता. घागरा पुरेसा घेराचा हवा, नाहीतर बोताओला हातात काही येत नाही.

कोलुंबिया मातान्सासच्या ग्रामीण भागातली. अबाक्वा या आफ्रो-क्यूबन पुरुषमंडळाच्या नाचाचा तिच्यावर ठळक ठसा आहे. एकट्याने नाचायची, परंपरेने पुरुषांची, वेग जास्त. एक नर्तक येतो, ड्रमांना नमस्कार करतो, किंतोशी झुंजतो आणि दुसरा येऊन त्याची जागा घेतो. काही जण बाटल्या, पेले, सुऱ्या घेऊन करामती करतात. सुऱ्यांच्या वाटेला जाऊ नका; कोलुंबिया पावलांनी सिद्ध होते.

आता सर्वांत महत्त्वाचं. किंतो हा सर्वांत उंच आवाजाचा ड्रम नर्तकाकडे बघून वाजतो. खालचे दोन ड्रम, सालिदोर आणि त्रेस-दोस, आपली चाल धरून असतात. ग्वाग्वांकोत वाकुनाओच्या क्षणी किंतोचा जोरकस ठोका पडला पाहिजे. कोलुंबियात नर्तक पावलाने प्रश्न टाकतो आणि किंतो उत्तर देतो. कधी किंतो आधी बोलतो आणि नर्तकाला सावरावं लागतं. म्हणून किंतोवाला नर्तकांकडे तोंड करून बसला पाहिजे. बऱ्याच सादरीकरणांत वादकांची रांग मागे भिंतीला आणि नर्तक त्यांच्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे. अशा मांडणीत रुंबा होतच नाही. अर्धवर्तुळ करा.

क्रम: क्लावे, मग ग्वाग्वा, मग सालिदोर, मग त्रेस-दोस, मग किंतो. मुख्य गायक दियाना घेतो, म्हणजे अर्थ नसलेल्या अक्षरांची छोटी आलापी. तिनेच सूर आणि क्लावेची बाजू ठरते. पुढे कवन येतं, काही वेळा देसिमा या दहा ओळींच्या स्पॅनिश छंदातलं. या भागात किंतोने गायकाच्या ओळींमधल्या फटीतच बोलायचं. कवन संपून कोरो, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची ओळ, सुरू झाला की रुंबा 'फुटतो' आणि नर्तक तेव्हा आत येतात. पहिल्या ठोक्यापासून नर्तक नाचायला लागले तर गाणं कोणी ऐकत नाही आणि कोरो येतो तेव्हा वाढवायला काही उरत नाही. वीस मिनिटं असतील तर मी याम्बू सहा, ग्वाग्वांको आठ, कोलुंबिया सहा अशी विभागणी करेन, आणि दियाना कापू देणार नाही.

---

बारा_की_सोळा

पालितो यांचा सोळा भागांचा हिशेब ग्वाग्वांको शिकायला ठीक, पण कोलुंबियाला तो लावू नका. तिथे चार मात्रा, प्रत्येकीचे तीन भाग, एकूण बारा. ठोके १, ३, ६, ८, १० वर:

टक – टक – – टक | – टक – टक – –

पाय १, ४, ७, १० वर. तबलजी हे दोन दादरे म्हणून ऐकतील आणि ते चालेल, दादऱ्याचे तीन-तीनच धरा. चूक होते ती पाय १, ५, ९ वर सरकण्याची. वेग वाढला की क्लावेचे ठोके तीन मोठ्या मात्रांकडे ओढतात आणि नर्तक व वादक वेगळ्या चालीत जातात. कोलुंबियात वाजणारी घंटा, मूळची कुदळीची पात, या कामी येते. ती वाजवणाऱ्याने पाय हलवत ठेवावा.

माझा मतभेद मात्र पुढचा आहे. मातान्सासचे जुने गट ऐका, विशेषतः १९५२ मध्ये सुरू झालेला लोस मुन्येकितोस दे मातान्सास. त्यांचा ग्वाग्वांको धड सोळात बसत नाही आणि धड बारातही नाही, ठोके मधल्या जागेत झुकलेले असतात. संगणकावर सोळा घरं भरून केलेला सराव हे कधी देत नाही. म्हणून मी दोन्ही मोजणी वेगवेगळ्या पक्क्या करून घेतो, मग एका पायावर दोन्ही आलटूनपालटून टाळीने वाजवायला लावतो, आणि नंतर घरं बंद करून नुसतं ऐकून वाजवायला सांगतो.

---

पालितो

मान्य, पण नवशिक्या गटाला पहिल्या महिन्यात झुकाव शिकवू नये. सरळ सोळात न बसणारी क्लावे आणि मुद्दाम झुकवलेली क्लावे यांतला फरक त्यांना तेव्हा ऐकूच येत नाही. आधी सरळ. कोलुंबियाबद्दल तुमचं बरोबर.

---

कातडं_लाकूड

तिसरा प्रश्न.

कच्चं कातडं हवेतली ओल पितं आणि सूर उतरतो. लोक घरी पावसाळी हवेत स्क्रू आवळून सूर लावतात आणि मग ड्रम एसी सभागृहात नेतात. तिथे हवा कोरडी. दीड-दोन तासांत कातडं आखडतं, ताण वाढतो. नशीब चांगलं असेल तर फक्त सूर चढतो. नसेल तर कातडं कडेला फाटतं किंवा लाकडी कवचाचा जोड उघडतो. म्हणून:

घरून निघताना स्क्रू सैल. सभागृहात ड्रम उघडे ठेवा, किमान अर्धा तास हात लावू नका. मग गोलाकार क्रमाने प्रत्येक स्क्रूला पाव फेरा, एका वेळी त्याहून जास्त नाही. प्रत्येक फेरीनंतर कडेला, स्क्रूसमोर बोटाने टिचकी मारून बघा. एखाद्या जागी सूर उतरलेला असेल तर फक्त तोच स्क्रू. कार्यक्रम संपला की सगळे पुन्हा सैल, कितीही घाई असली तरी. हॅलोजन किंवा हीटरसमोर ड्रम ठेवण्याचा जुगाड करू नका; एकच बाजू तापते आणि कातडं कायमचं वाकडं ओढलं जातं. स्क्रूचे कोंगा १९४०च्या दशकानंतरचे. त्याआधी कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असायचं आणि सूर आचेवर चढवायचे. तुमच्या स्क्रूच्या ड्रमला ती पद्धत लागू नाही.

मापं: किंतो ११ इंच, मधला पावणेबारा, मोठा साडेबारा इंच व्यास, ही बाजारातली नेहमीची मापं. तुमच्याकडे दोनच कोंगा आहेत. तिसरा भाड्याने घ्या, ढोलकीने भरू नका. ढोलकीच्या शाईचा स्वर इतका स्पष्ट असतो की सालिदोर आणि त्रेस-दोस यांच्या उघड्या ठोक्यांतून तयार होणारी चाल झाकली जाते. या दोन ड्रमांमध्ये साधारण सा ते मध्यम एवढं अंतर ठेवून बघा. अंतर कमी पडलं तर चाल कानात वेगळी होत नाही. किंतो दोघांच्या बराच वर. सालसाच्या सवयीने मोठा ड्रम फार खाली लावतात. रुंबात सगळा संच थोडा चढा चांगला वाटतो.

मोठा ड्रम जमिनीवर सपाट उभा ठेवून वाजवला की खालचं तोंड बंद होतं आणि बास जातो. पायांत धरून थोडा तिरका करा किंवा स्टँडवर चढवा.

हाताचं एक. तबला-ढोलकीवाले बोटांची टोकं वापरतात आणि मनगट जागेवर ठेवतात. कोंगाच्या उघड्या ठोक्याला चारही बोटं जुळलेली, बोटांच्या मुळाशी असलेली उंच कड ड्रमच्या काठावर, आणि हात लगेच उसळून वर. हात कातड्यावर क्षणभर राहिला तरी ठोका मेला. चापट ठोका ताकदीने येत नाही. तळवा किंचित खोलगट आणि हात सैल असला की येतो. ताकद लावणाऱ्यांची बोटं दोन तासांत सुजतात. अंगठ्या काढा.

याम्बूला काहोन घेणार असाल तर दुकानात मिळणारा, बसून वाजवायचा काहोन मूळचा पेरूचा. फ्लामेंकोवाल्यांनी १९७० च्या दशकात तो उचलला आणि पुढे त्यात तारा आल्या. तारा बंद करा किंवा काढा, नाहीतर प्रत्येक ठोक्याला खरखर येते.

---

फिरस्ता_ताल

नर्तकांसाठी एक सूचना. बॉलरूम वर्गात 'रुंबा' म्हणून जे शिकवतात त्याचा या नाचाशी जवळचा संबंध नाही. ते क्यूबन सोन आणि बोलेरोच्या वाटेने १९३० च्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात तयार झालं. त्या वर्गातून आलेले नर्तक गुडघे ताठ ठेवतात आणि दृष्टी प्रेक्षकांवर. इथे गुडघे वाकलेले, धड किंचित पुढे, वजन जमिनीकडे आणि डोळे जोडीदारावर. ही सवय मोडायला वेळ लागतो, तो वेळापत्रकात धरा.

---

सम_शोधक

सगळ्यांचे आभार. तिसरा कोंगा भाड्याने घेतो, अर्धवर्तुळ ठरलं. बाताबद्दल कोणी सांगेल का? शिवाय अबाक्वाचा मुखवटा आणि पोशाख कोलुंबियाच्या वेळी वापरावा असं एका नर्तकाचं म्हणणं आहे.

---

ओरिचा_वाचक

दुसरं आधी: नको. तो पोशाख अबाक्वा मंडळाच्या विधीतल्या इरेमेचा, म्हणजे मुखवट्यातून येणाऱ्या आत्म्याचा आहे. क्यूबात लोकनृत्याचे गट तो स्टेजवर आणतात, पण त्या गटांत त्या परंपरेतलीच माणसं असतात आणि काय दाखवायचं, काय नाही हे त्यांना ठाऊक असतं. इथे तो नुसती वेशभूषा होईल. कोलुंबियाच्या पावलांत तो ठसा आधीच आहे, तेवढा पुरे.

बाता म्हणजे तीन दुतोंडी ड्रमांचा संच: सर्वांत लहान ओकोंकोलो, मधला इतोतेले, मोठा इया. योरुबा परंपरेतून आलेल्या रेग्ला दे ओचा या धर्मात ओरिचा देवतांना आवाहन करण्यासाठी ते वाजतात. संच दोन प्रकारचे असतात. प्रतिष्ठापना केलेल्या संचाला फुंदामेंतो म्हणतात. त्यांत आन्या ही देवता वास करते असं मानतात. ते दीक्षित पुरुषच वाजवतात आणि ते मनोरंजनासाठी बाहेर काढत नाहीत. दुसरा अबेरिकुला, प्रतिष्ठापना नसलेला. १९३० च्या दशकात अभ्यासक फेर्नांदो ओर्तिस यांनी हवानातल्या व्याख्यानात बाता लोकांसमोर आणले, तेव्हापासून अबेरिकुला संच सार्वजनिक मंचावर आहेत. १९९३ पासून हवानात ओबिनी बाता हा स्त्रियांचा गटही आहे. तेव्हा स्टेजवर बाता चालतात, अबेरिकुला असतील तर.

पण तुमच्या कार्यक्रमात घ्यावेत का? माझ्या मते नाही. रुंबा हा लौकिक प्रकार. तो १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात, क्यूबात १८८६ मध्ये गुलामगिरी संपली त्याच्या आगेमागे, बंदरांच्या वस्त्यांत आणि सोलार नावाच्या चाळींच्या अंगणांत आकाराला आला. बाता ही दुसरी विद्या आहे. त्यांच्या तालांचा क्रम देवतांनुसार ठरलेला असतो, आणि इया जे बोलतो त्याला इतोतेलेने नेमकं उत्तर द्यावं लागतं. ते शिकायला वर्षं जातात. कोंगा येणाऱ्याला ते आपोआप येत नाहीत. आजचे काही गट रुंबात बाता मिसळतात हे खरं, पण त्यांना दोन्ही विद्या येतात. तुम्ही वीस मिनिटांत दोन्ही घुसवलं तर दोन्ही अर्धवट राहील.

ढोलकीवाल्यांना मात्र एक गोष्ट रुचेल. इया आणि इतोतेले यांच्या मोठ्या तोंडावर फार्देला नावाचा चिकट लेप लावतात, म्हणजे घुमारा आवरतो आणि सूर खाली येतो. ढोलकीच्या धुमेला आतून मसाला लावतो तो याच कामासाठी. बातात तो वरून लागतो.

निवेदनात 'आफ्रिकन नृत्य' असं सरसकट म्हणू नका. क्यूबन रुंबा म्हणा, प्रकाराचं नाव सांगा, हवाना की मातान्सासची पद्धत तेही सांगा. युनेस्कोने २०१६ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत रुंबा घेतला, हे एका वाक्यात आलं तरी चालेल. क्यूबाच्या पूर्व भागातली तुंबा फ्रान्सेसा वेगळी, हैतीहून आलेल्यांची. तिची नोंदही वेगळी. दोन्ही एकत्र करू नका. गाण्यांचंही बघा. काही कवनं पारंपरिक आहेत, पण पुष्कळांना ज्ञात कवी-संगीतकार आहेत. ती घेतली तर नाव सांगा आणि सादरीकरणाची परवानगी आधी काढा.

---

नाचरी_मैना

सम_शोधक, स्पॅनिश उच्चारांसाठी गायकाला वेगळा वेळ द्या. कोरोची ओळ छोटी असते, पण तिचे जोर क्लावेवर बसलेले असतात. शब्द मराठी वळणाने ओढला की जोर सरकतो आणि पालितो म्हणतात ते क्रुसाओ तिथूनच सुरू होतं. आधी ओळ नुसती बोलून, क्लावेच्या टाळीवर, मग सुरात. कोरो गाणारे निदान तिघं हवेत, आणि नर्तकही नाचत नसताना त्यात आले पाहिजेत.